सात वाजता जाणारे शॉट: एअर पिस्तुलाच्या एका ग्रुपची चिकित्सा

टार्गेटवरचा ग्रुप, म्हणजे भोकांचा घोळका, बघून चूक सांगणारं चक्र बहुतेक नेमबाजांनी पाहिलेलं असतं. घड्याळासारखं वर्तुळ आणि प्रत्येक दिशेला एक दोष: सहाला मनगट पडलं, सातला ट्रिगर झटकला, नऊला बोट कमी घेतलं, तीनला अंगठ्याने ढकललं, बाराला मनगट उचललं. हे चक्र खोटं नाही. पण ते संशयितांची यादी देतं, निकाल देत नाही. खालचं प्रकरण याच फरकाचं आहे. नेहमी दिसणारे दोष एकत्र करून ते बांधलं आहे आणि आकडे हिशोब उलगडून दाखवता यावा अशा बेताने घेतले आहेत.

परिस्थिती

१० मीटर एअर पिस्तूल. नेमबाज मुलगी उजव्या हाताची, उजव्या डोळ्याची. पिस्तूल कॉम्प्रेस्ड एअरचं, दोन साइटमधलं (नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं) अंतर सुमारे ३३ सेंमी. नेम सब-सिक्स, म्हणजे काळ्या वर्तुळाच्या खाली पांढरी पट्टी ठेवून. सरावात तिच्या दहा शॉटच्या सिरीज १०० पैकी ९४-९५ च्या पडायच्या. ६० शॉटच्या चाचणीत मात्र ९४, ९३, ९१, ९२, ८९, ९० अशा पडल्या, एकूण ५४९. साठही शॉट एकाच पडद्यावर काढले तर मध्यापासून डावीकडे खाली, साडेसातच्या दिशेने ओढलेला ढग दिसत होता.

कोचचं निदान तिथल्या तिथे झालं: ट्रिगर झटकते. सूचनाही नेहमीचीच होती, "घाई करू नकोस गं, हळू दाब." तिने दोन आठवडे मनापासून हळू दाबलं. त्यानंतरच्या सरावांत डावीकडे खाली जाणारे शॉट कमी होण्याऐवजी वाढले. निदान अर्धं बरोबर होतं. उपायाने दुखणं वाढवलं ते कसं, हे शॉट वेगळे केल्यावर कळलं.

मोजमाप आधी

मिलिमीटर डोळ्यासमोर असल्याशिवाय पॅटर्नवर बोलण्यात अर्थ नाही. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, नऊचं २७.५ मिमीचं, आणि सातपर्यंतचा सगळा काळा भाग ५९.५ मिमीचा. म्हणजे एक रिंग त्रिज्येत ८ मिमीची. पेलेट, म्हणजे छर्रा, ४.५ मिमीची असते आणि तिची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असेल तर दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ.

दुसरं गणित साइटचं. हात आहे तसा, साइट जुळलेल्या ठेवून ५ मिमी बाजूला सरकला तर टार्गेटवर चूक ५ मिमीचीच होते. पण फ्रंट साइट (पुढची) रिअर साइटच्या (मागच्या) खाचेत अर्धा मिमी सरकली तर? ३३ सेंमीचे १० मीटर होताना चूक सुमारे तीसपट होते, म्हणजे १५ मिमी, जवळपास दोन रिंगा. हात हलतो याची चिंता करणारे आणि खाचेकडे दुर्लक्ष करणारे नेमबाज रेंजवर पोत्याने सापडतात. खरी किंमत मोजावी लागते ती खाचेतल्या चुकीची.

ढगाचे तीन तुकडे

इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक शॉटचं आडवं-उभं अंतर आणि वेळ देतं. त्याला दोन गोष्टी जोडल्या. मागून घेतलेला व्हिडिओ, ज्यावरून पिस्तूल नेमाच्या जागेत आल्यापासून शॉट सुटेपर्यंतचे सेकंद मोजता येतात. आणि कॉल: शॉट सुटल्यावर, मॉनिटर झाकलेला असताना, "कुठे गेला?" याचं तिने दिलेलं उत्तर. कॉल हा या सगळ्या कामाचा कणा आहे. तो नसेल तर टार्गेटवरची भोकं मुकी राहतात.

साठ शॉट तीन गटांत पडले.

पहिला गट ४१ शॉटचा. गोल, बऱ्यापैकी घट्ट ग्रुप. फक्त त्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ६ मिमी डावीकडे आणि २ मिमी खाली. २२ शॉट दहाचे, १९ नऊचे. तिचे कॉल जवळजवळ सगळे "मध्ये, दहा". म्हणजे तिला दिसत होतं एक आणि लागत होतं दुसरं, पण फरक प्रत्येक वेळी त्याच दिशेला आणि साधारण तेवढाच.

दुसरा गट १२ शॉटचा. सात ते आठच्या दिशेला, मध्यापासून १७ ते २७ मिमी दूर: नऊ शॉट आठ गुणांचे आणि तीन सात गुणांचे. बारापैकी आठ वेळा तिने "चांगला गेला" किंवा "माहीत नाही" म्हटलं होतं. इथे कॉल आणि भोक यांचा काही मेळच नव्हता.

तिसरा गट सात शॉटचा, वर आणि थोडे उजवीकडे विखुरलेले: तीन दहाचे, तीन नऊचे, एक आठचा. सातपैकी सहा तिने अचूक सांगितले होते, "वर गेला, नऊ" असे.

गमावलेल्या ५१ गुणांचा हिशोब असा: पहिल्या गटात १९, दुसऱ्यात २७, तिसऱ्यात ५.

दिशेपेक्षा जास्त सांगतं ते कॉल आणि भोक यांचं नातं. दोन्ही जुळतात तेव्हा नेमबाजाने जे पाहिलं तेच झालं. ती हाताच्या स्थिरतेची मर्यादा आहे, तंत्राची चूक नाही. कॉल आणि भोक यांच्यात ठरावीक अंतर राहतं तेव्हा साइटचं झिरो (नेम आणि भोक जुळवणारी साइटची मांडणी), पिस्तुलाचा कल किंवा प्रत्येक वेळी सारखाच होणारा एखादा दाब शोधायचा. नातंच नसेल तर शॉट सुटण्याच्या क्षणी डोळा फ्रंट साइटवर नव्हता, हे जवळपास नक्की. घड्याळाच्या चक्रात हे तिन्ही प्रकार एकाच रकान्यात बसतात, आणि इथे तेच झालं. पहिला आणि दुसरा गट दोन्ही डावीकडे असल्याने मिळून एक लांबट ढग दिसला आणि सगळ्याला एकच नाव मिळालं.

तिसरा गट तिथेच सोडून दिला. तिने पाहिले, तिने सांगितले, गेले. अशा शॉटवर उपचार करायला गेलं की चांगली चालणारी गोष्ट बिघडते.

पहिला गट: ग्रुप घट्ट, जागा चुकीची

पहिली प्रतिक्रिया अशी असते की झिरो हललं, साइटच्या स्क्रूला दोन क्लिक उजवीकडे द्या. क्लिक द्यायच्या आधी यंत्र तपासायचं. रिअर साइटचे स्क्रू, फ्रंट साइट, सिलिंडरमधला दाब, पेलेटचा डबा बदलला का, बॅरलच्या तोंडाशी काही अडकलंय का. सगळं ठीक होतं. मग पिस्तूल टेकूवर ठेवून, साइटवर छोटी पाणसळ लावून सरळ धरलं आणि नेहमीच्याच सब-सिक्स नेमाने दहा शॉट मारले. एकमेकांत मिसळलेलं एकच फाटकं भोक पडलं, मध्यापासून अर्ध्या मिमीवर.

झिरो जागेवर होतं. टेकूवर मध्ये आणि हातात ६ मिमी डावीकडे, तर फरक हातात शोधायचा. टेकूवरचं आणि हातातलं झिरो थोडं वेगळं येऊ शकतं, कारण पकड वेगळी आणि धक्क्याला मिळणारा प्रतिसादही वेगळा. पण ६ मिमीचा फरक त्यावर ढकलता येत नाही.

व्हिडिओ थांबवून रिअर साइटच्या वरच्या कडेला रेघ मारली आणि ती टार्गेटच्या चौकटीच्या आडव्या कडेशी ताडून पाहिली. पिस्तूल डावीकडे कललेलं होतं. पहिल्या दोन सिरीजमध्ये ३ ते ४ अंश, शेवटच्या दोनमध्ये ६ अंशांच्या पुढे, सरासरी ५ च्या आसपास. नेमबाजाला हे जाणवत नाही याचं कारण साधं आहे. तिची नजर असते खाचेवर, आणि खाच पिस्तुलाबरोबरच कलते. समोरचं काळं वर्तुळ कसंही फिरवलं तरी गोलच दिसतं. क्षितिजरेषा सांगणारं तिच्या नजरेत काहीच नसतं.

पाच अंशांनी एवढं काय बिघडतं? पेलेटचा वेग सेकंदाला १५० मीटर धरला तर १० मीटरवर पोचेपर्यंत ती सुमारे २२ मिमी खाली येते. शिवाय सब-सिक्समध्ये नेम मध्याच्या खाली असतो; तिच्या बाबतीत काळ्याची त्रिज्या ३० मिमी आणि पांढरी पट्टी १२ मिमी, मिळून ४२. म्हणजे बॅरलची रेषा नेमाच्या रेषेपेक्षा टार्गेटवर ६४ मिमी वर रोखलेली असावी लागते. पिस्तूल कललं की हे ६४ मिमी त्या बाजूला झुकतात. ५ अंशांना डावीकडे साडेपाच मिमी, ३ अंशांना सव्वातीनच्या थोडं वर, ६ अंशांना पावणेसात. उंचीत पडणारा फरक पाव मिमीचाही नाही, म्हणून ग्रुप खाली न जाता आडवा सरकतो. नेम थेट मध्यावर धरणाऱ्याला फक्त २२ मिमीचा हिशोब लागू होतो. त्याचा तेवढाच कल दोन मिमीत निभावतो. कल सगळ्यांना सारखाच महाग पडत नाही, आणि हे कोचिंगमध्ये फार क्वचित सांगितलं जातं.

सिरीजवार पाहिलं तर तेच दिसलं: पहिल्या दोन सिरीजमध्ये ग्रुपचा मध्य ४ मिमी डावीकडे, शेवटच्या दोनमध्ये ७. पडताळणी म्हणून टेकूवरचं पिस्तूल मुद्दाम ५ अंश डावीकडे कलवून पुन्हा दहा मारले. फाटकं भोक जवळपास सहा मिमी डावीकडे गेलं. यानंतर वाद उरला नाही.

राहिले खालचे २ मिमी. ते कलाने येत नाहीत. त्यांच्या मागे लागलो नाही. कल काढल्यावर जे उरेल ते साइटने घ्यायचं ठरलं.

कल आला कुठून? ग्रिपच्या पाम शेल्फमधून. तळहाताची खालची कड जिच्यावर टेकते ती ही सरकती फळी. स्वच्छतेच्या वेळी तिचा स्क्रू सैल केला गेला आणि घट्ट करताना फळी आधीच्या जागेपेक्षा ३ मिमी खाली राहिली. हाताला खालून आधार नाही म्हटल्यावर हात ग्रिपमध्ये खाली उतरला, तळव्याची पकड गेली आणि पिस्तुलाचं वजन त्याला आतल्या बाजूला लोळवू लागलं. मनगट ताजं असेपर्यंत कमी, थकल्यावर जास्त.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी: कल हा स्वतः दोष नाही. लांब केलेला हात स्वाभाविकपणे थोडा आत वळतो, आणि बरेच चांगले नेमबाज कलतंच पिस्तूल धरतात. पण ते रोज तेवढंच कललेलं असतं आणि साइट त्यावर झिरो केलेल्या असतात. दोष आहे तो बदलत्या कलात. तिने त्या चाचणीत क्लिक दिले असते तर पहिल्या सिरीजमध्ये ग्रुप उजवीकडे आणि सहाव्यात पुन्हा डावीकडे गेला असता.

दुसरा गट: बारा शॉट, सत्तावीस गुण

हे चक्रातलं सातचं घर. उजव्या हाताच्या नेमबाजाने ट्रिगर एकदम ओढला की तर्जनीबरोबर बाकीची बोटंही आवळली जातात, मूठ मिटते, नळी खाली जाते. बोटाचं टोक ट्रिगरला मागे ओढण्याऐवजी बाजूला ढकलतं आणि नळी डावीकडे जाते. या शॉटचा मध्य पहिल्या गटाच्या मध्यापासून सुमारे १५ मिमीवर होता. वरच्या हिशोबाने खाचेत फक्त अर्धा मिमी. डोळा साइटवर असता तर एका बाजूची प्रकाशाची फट बारीक झालेली आणि फ्रंट साइटचं डोकं खाली गेलेलं तिला दिसलं असतं. आठ वेळा दिसलं नाही.

झटका होता, हे कोचने बरोबर ओळखलं होतं. प्रश्न होता कधी आणि का. त्यासाठी व्हिडिओतले सेकंद कामी आले. साठपैकी १५ शॉट ९ सेकंदांनंतर सुटले होते. त्यातले १० या गटातले. ९ सेकंदांच्या आत सुटलेले ४५. त्यातले फक्त २. झटका सगळीकडे नव्हता, उशिरात होता.

बहुतेकांचा हात नेमाच्या जागेत आल्यावर दोन-तीन सेकंदांत सर्वांत स्थिर होतो आणि पुढचे काही सेकंद तसा राहतो. मग श्वास, खांदा आणि डोळा तिघेही माघार घेऊ लागतात. नजर टार्गेटकडे घसरते, कारण काळं वर्तुळ हलताना दिसतं आणि मन त्याला पकडायला बघतं. नेमकं मध्यावर आलं की "आत्ता!" म्हणून बोट निघतं. तो "आत्ता" म्हणजेच झटका. "हळू दाब" या सूचनेने ती आणखी उशिरा शॉट सोडू लागली, ९ सेकंदांपलीकडचे शॉट वाढले आणि त्यांच्याबरोबर फ्लायर, म्हणजे ग्रुपबाहेर भरकटलेले शॉटही. औषधच रोगाला पोसत होतं.

तपासणी दोन प्रकारे झाली. पांढऱ्या भिंतीसमोर, टार्गेट नसताना, वीस ड्राय शॉट, म्हणजे पेलेट न भरता. ७ सेकंदांच्या आत सोडायचे दहा: फ्रंट साइट खाचेत जागची हलली नाही. १२ सेकंद धरून सोडायचे दहा: त्यातल्या सहांत साइट डावीकडे खाली बुडाली, आणि भिंतीवर पाहण्यासारखं दुसरं काहीच नसल्याने या वेळी ती तिला दिसलीही. मग रेंजवर आंधळी चाचणी. सहाय्यक तिच्या नकळत पिस्तूल भरून किंवा ड्राय फायरवर ठेवून देतो, नळी सतत टार्गेटकडेच. तिला शॉट सुटेल की नुसती टिक होईल हे माहीत नसतं. दहा ड्रायपैकी चारांत नळी बुडाली, आणि ते चारही ९ सेकंदांनंतरचे. धक्क्याची भीती असती तर झटका वेळेकडे बघून आला नसता.

एवढा उशीर का व्हायचा, हे ट्रिगरच्या वजनात सापडलं. नियमाने एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. तिचा ५१० होता, म्हणजे तपासणीत सरळ पास. पण दोन टप्प्यांची वाटणी होती २०० आणि ३१०. पहिला टप्पा हलकासा, आणि मग ३१० ग्रॅमची भिंत. तीही पहिला टप्पा पिस्तूल स्थिर झाल्यावरच घ्यायची. म्हणजे स्थिरतेचे ते मोजके सेकंद चालू झाल्यावर ५१० ग्रॅमचं सगळं काम बाकी. त्यात भर कलाची: साइटच्या ज्या चित्राला पूर्वी दहा लागायचा त्यालाच आता नऊ लागत होता, म्हणून तिचा चित्रावरचा विश्वास उडाला होता आणि ती प्रत्येक शॉटला "अजून जरा बरं" दिसायची वाट बघत होती. दोन दोष एकमेकांना हात देत होते. हे फक्त दिशेवरून कधीच कळलं नसतं.

उपचार

क्रम महत्त्वाचा, आणि एका वेळी एकच बदल. आधी ग्रिप. शेल्फ जुन्या खुणेवर आणली. लाकडावर स्क्रूच्या जुन्या दाबाचा ठसा होता, तो कामी आला. शेल्फ हाताला चिमटा बसेल इतकी वर नसावी. आधार द्यायचा, आवळायचं नाही. जागा मिळाल्यावर पेन्सिलने बारीक रेघ मारली. मग डोळे मिटून चाचणी: पिस्तूल खाली, डोळे बंद, हात उचलून नेमाच्या उंचीला आणायचा, डोळे उघडायचे. फ्रंट साइट खाचेच्या मधोमध, वरच्या कडा एका रेषेत, पिस्तूल रोजच्याच कलावर दिसलं पाहिजे. दहापैकी आठ वेळा आलं की ग्रिप बसली. साइट सारखी एकाच बाजूला दिसली तर मनगटाने सरळ करायची नाही, ग्रिपच बदलायची. आवश्यक तिथे पुट्टीचा पातळ थर, नाहीतर पॉलिशपेपरचे दोन हात. आणि डोळे उघडल्यावर सगळं पिस्तूलच टार्गेटच्या बाजूला आलं असेल तर ग्रिपला दोष देऊ नये. मागचं पाऊल थोडं सरकवावं.

पहिला आठवडा ग्रिप आणि डोळे मिटून उचलणं, शॉट थोडे. ग्रुपचा मध्य आडव्या दिशेत १ मिमीच्या आसपास स्थिर झाला, तेव्हा ट्रिगरकडे वळलो. दोन्ही बदल एकदम केले असते तर कशाने काय सुधारलं हे कळलं नसतं.

ट्रिगर ३७५ आणि १३५ असा वाटला, एकूण ५१०. वाटणी बदलल्यावर ५०० ग्रॅमचं वजन उचलून तपासावंच. दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू फिरवताना एकूण वजन नकळत खाली येतं. पहिला टप्पा आता पिस्तूल वरून नेमाच्या जागेत उतरतानाच पूर्ण घ्यायचा. स्थिर होईपर्यंत बोट दुसऱ्या टप्प्यावर टेकलेलं असतं आणि उरतात १३५ ग्रॅम. हलक्या पहिल्या टप्प्याची आवड असणारे नेमबाज आहेत आणि त्यांना ती जमते. पण उशिराचा त्रास असणाऱ्याने जड पहिला टप्पा निदान एक महिना वापरून पाहावा.

आणि ८ सेकंदांचा नियम. सहाय्यक मनात मोजतो. आठ झाले की "खाली". शॉट रद्द, हात टेबलावर, दोन श्वास, पुन्हा. सुरुवातीला साठात वीस-बावीस वेळा हात खाली घ्यावा लागला. स्पर्धेत हे परवडेल का, ही शंका रास्त आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे ७५ सेकंद. एका रद्द शॉटला अर्धं-पाऊण मिनिट जातं; हिशोब बसतो. आठ गुणांवर गेलेला शॉट मात्र परत घेता येत नाही.

फॉलो थ्रूसाठी, म्हणजे शॉट सुटल्यावरही नजर साइटवर टिकावी म्हणून, मॉनिटरवर पुठ्ठा. शॉटनंतर फ्रंट साइटकडे दोन सेकंद बघायचं, कॉल बोलायचा, मग पुठ्ठा उचलायचा. पेलेट नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंदच लागतात, पण त्या मिलिसेकंदांत मान मॉनिटरकडे वळू लागलेली नको.

कागदी टार्गेटवर

इलेक्ट्रॉनिक लेन नसेल तरी हेच करता येतं, फक्त शिस्त जास्त लागते. एका कार्डावर दहा मारले की क्रम हरवतो आणि क्रम हरवला की अर्धं निदान गेलं. एका कार्डावर एक किंवा दोनच शॉट, मागे क्रमांक, आणि वहीत छापील वर्तुळावर आधी कॉलची फुली, मग भोकाचा ठिपका, शेजारी सेकंद. फुली आणि ठिपका यांच्यातली रेघ बघायची. नुसते ठिपके नाहीत.

किती शॉटवरून बोलायचं? या ग्रुपचा पसारा प्रत्येक दिशेत साधारण साडेचार मिमीचा होता. एका शॉटवरून मध्य सांगितला तर तेवढाच गोंधळ, पाचांवरून २ मिमी, दहांवरून दीड मिमीच्या आत. म्हणून एका फ्लायरवरून क्लिक देणं म्हणजे वाऱ्याच्या झुळकीवरून दिशा ठरवणं. क्लिक द्यायचेच तर फ्लायर बाजूला काढून निदान दहा शॉटच्या मध्यावरून, आणि रिअर साइट जिकडे शॉट न्यायचा तिकडेच सरकवायची.

सगळं चक्र एका हाताने, उजव्या हाताने धरणाऱ्यासाठी काढलेलं आहे. डावखुऱ्याने ते आरशात पाहावं. दोन हातांनी पिस्तूल धरणाऱ्यांना ते जवळपास निरुपयोगी आहे. तिथे दुसरा हात वेगळीच बळं लावतो.

तीन आठवड्यांनी

पुन्हा ६० शॉट. एकूण ५६२. मुख्य ग्रुप ४७ शॉटचा, मध्य १ मिमी डावीकडे, १ मिमी खाली. त्यात ३० दहा, १७ नऊ. वर-बाजूला विखुरलेले, तिने बरोबर ओळखलेले आठ. डावीकडे खाली जाणारे पाच, पाचही आठ गुणांचे. कल सहाही सिरीजमध्ये १ ते २ अंश. पहिल्या चाचणीतल्या ४१ शॉटचा ग्रुप नुसता मध्यावर सरकवून पाहिला होता तेव्हा २२ ऐवजी ३३ दहा दिसले होते, म्हणजे नुसत्या जागेचे ११ गुण मिळू शकत होते; प्रत्यक्षात वाढलेले १३ गुण मुख्यतः फ्लायर कमी झाल्याने आले.

उरलेल्या पाच फ्लायरपैकी चार शेवटच्या दोन सिरीजमधले आहेत, आणि त्यातले तीन ८ सेकंदांच्या आत सुटलेले. म्हणजे हे पूर्वीचे नव्हेत. तिघांचेही कॉल बरोबर होते, "खाली, आठ". साइट दिसत होती, हात राहत नव्हता. त्या सिरीजच्या व्हिडिओत उजवा खांदा चाळिसाव्या शॉटनंतर किंचित वर चढलेला दिसतो. ट्रिगरला आता कुणी हात लावू नये; पुढच्या चाचणीपर्यंत खांद्याचा व्यायाम आणि दर दहा शॉटनंतर पिस्तूल टेबलावर ठेवून एक मिनिट बसणं, एवढंच वहीत लिहिलं आहे.